राजाची उडी

मुरुडच्या वाचनालयाच्या ओसरीवर दर रविवारी मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. नोकरी संपल्यापासूनचा हा माझा उद्योग. ऋतुजा तिथं आली ती घरूनच खेळ शिकून. तिचा बाप बालाजी गावातला नावाजलेला खेळणारा, पण त्याचा डाव देशी. देशी डावात राजाला एक सवलत असते. शह बसायच्या आत त्याला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. स्पर्धेत ती चालत नाही. "ती उडी घरी ठेवून यायची," असं मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

उन्हाळ्यात तिची आई उज्वला गेली. साधा ताप आहे, उतरेल, असं बालाजी म्हणत राहिला. लातूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर त्याने पट उघडला नाही. शेतही त्याचा भाऊच बघायचा. हा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेला.

ऋतुजा रविवार चुकवत नव्हती, पण तिचा राजा कोपऱ्यातून हलेना.

"अगं, दोन्ही वजीर गेले. आता त्याला कोण मारतंय? बाहेर काढ. प्याद्यांना त्याची सोबत लागते."

"नको गुरुजी. हितंच बरा हाय."

"बसून बसून मुंग्या आल्या असतील त्याच्या पायाला."

ती हसायची आणि प्यादंच ढकलायची.

लातूरच्या जिल्हा स्पर्धेला तिने नाव दिलं. म्हणाली, "कप आणला की पप्पा बघतील. मग खेळतील माझ्यासंगं." तिला एवढंच हवं होतं.

शेवटचा डाव जिंकला असता तर कप तिचा होता. पटावर दोन राजे आणि थोडी प्यादी उरली होती. समोरच्या मुलीचं एक काळं प्यादं मोकळं सुटलं आणि पळायला लागलं. ऋतुजाचा राजा अजून कोपऱ्यातच. एकेक घर चालत तो पोचणार नव्हता. तिलाही ते दिसलं. तिने राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे ठेवला.

पंचांनी घड्याळ थांबवलं. "ही कोणती चाल?"

"राजाची उडी."

शेजारच्या पटांवरची मुलं हसली. राजाला हात लागला होता म्हणून राजाच एक घर हलवावा लागला. काळ्या प्याद्याचा वजीर झाला आणि डाव गेला.

मुरुडला एसटीतून उतरल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, घरी चला ना. एकटीला न्हाई जाऊ वाटत."

"या गुरुजी," बालाजी म्हणाला, पण उठला नाही. कप नाही, हे ऋतुजाने सांगितलंच नाही. फरशीवर पट मांडला. ते पळणारं प्यादं, तो कोपऱ्यातला राजा.

"पप्पा, हितं मी उडी मारली. आपली."

बालाजी भिंत सोडून पुढं सरकला.

"याच्या आधी शह बसला होता का?"

"हाव. लई आधी."

"मग उडी कुठली? आपल्या डावातबी न्हाई. एकदा शह बसला की उडी गेली. चालतच यावं लागतंय."

त्याने प्यादं काही घरं मागं घेतलं. राजा कोपऱ्यातून उचलला, एक घर पुढं ठेवला, मग आणखी एक. तिकडून ऋतुजा प्यादं ढकलत होती. राजाने ते वाटेतच अडवलं.

"बघ, गाठलं. जरा आधी निघायला पाहिजे होतं..."

त्याचा राजावरचा हात निघेना.

पप्पा रागावले, असं ऋतुजाला वाटलं. ती हळूच म्हणाली, "तवा कळलंच न्हाई, पप्पा. प्यादं लई लांब दिसत होतं."

बालाजी रडायला लागला. उज्वलाच्या वेळीही गावाने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. ऋतुजा घाबरून माझ्याकडे बघू लागली.

मग ती सोंगट्या गोळा करून पहिल्यापासून मांडू लागली. हत्ती, घोडे, उंट, वजीर, सगळी प्यादी. पांढऱ्या राजाचं घर तेवढं रिकामं राहिलं. तो बापाच्या मुठीत होता. ती वाट बघत बसली.