बटणावरचं बोट

“ग… ग… गाडी कुठली?” मी रजिस्टरमधून मान वर न काढता विचारलं.

बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीवर मी नऊ वर्षं बसते. अडखळत बोलणारी बाई नेमकी चौकशीला बसवली म्हणून सुरुवातीला लोकांनी साहेबांना बरंच ऐकवलं. आता रोजचे प्रवासी सवयीनं थांबतात. नवा माणूस मात्र माझं वाक्य हमखास स्वतःच पुरं करून टाकतो, आणि बहुतेक वेळा चुकीचं. हा माणूस गप्प उभा होता. म्हणून वर पाहिलं, तर आमच्या शाळेतले बटणकाका!

“गाडी नको,” ते म्हणाले. “शनिवारी मला निरोप देतायत. मला म्हणे स्टेजवर बसवणार. मग बटणाला कोण? तू ये.”

“म… मला काय येतं त्यातलं?”

“हात कधी लावायचा नाही, ते येतं ना? बाकी सगळं सोपं आहे.”

“आजोबा, गाडीचं विचारायचं असेल तर विचारा की,” रांगेतला एकजण करवादला. काकांनी त्याला अदबीनं जागा करून दिली आणि ते निघून गेले. मी येईन की नाही, हे ऐकायलाही थांबले नाहीत.

काकांचं खरं काम शाळेच्या प्रयोगशाळेत, नळ्या-बाटल्या धुण्याचं. पण माईकही त्यांच्याच गळ्यात पडला होता. रोज परिपाठाच्या आधी ते माईकवर “हॅलो, एक, दोन, तीन” म्हणत. त्याहून जास्त ते माईकवर कधीच बोलले नाहीत. मग व्हरांड्यातल्या टेबलामागे, आवाजाच्या बटणावर बोट ठेवून उभे राहत. हजेरीच्या क्रमानं रोज एक मूल दोन मिनिटं बोलायचं. वेळ संपली की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, चष्मा कपाळावर चढवत. ती खूण. काका बटण इतक्या हलक्या हातानं उतरवत, की बोलणाऱ्याला वाटावं, आपलं भाषण आपसूकच संपलं. या हातोटीचा त्यांना भारी अभिमान होता.

सातवीत माझं नाव ‘स्कूटर’ पडलं. मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागच्या बाकांवरून पाय आपटायला लागत. किक मारायची ना! “अगं, चोक दे!” “पेट्रोल संपलं वाटतं!” आज सांगताना मलाही थोडं हसू येतं, तेव्हा मी उत्तर अर्धवट टाकून खाली बसायचे. एक दिवस माझ्या दप्तरात ऑइलची रिकामी बाटली निघाली. सगळ्या वह्या बरबटल्या होत्या. त्या दिवसापासून मी शाळेत तोंड उघडणंच बंद केलं.

“लक्ष देऊ नकोस,” बाबा म्हणाले. आमच्या वर्गाच्या बाई तर फारच भल्या. त्यांनी मला प्रश्न विचारणंच सोडून दिलं. सगळ्यांनी मिळून माझी अशी काही काळजी घेतली, की पाच महिने मी शाळेत एक शब्दही बोलले नाही.

मधली सुट्टी मी प्रयोगशाळेत काढायचे. काका कामात असायचे, मी डबा खायचे. एकदा नळ्या पुसता पुसता ते म्हणाले, “परवा परिपाठाला तुझा नंबर ना गं?”

“ब…” मी सुरुवात केली. “ब… ब…”

काका नळी पुसत राहिले. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं नाही, शब्दही सुचवला नाही. ती नळी स्वच्छ झाली, तशी दुसरी घेतली.

“ब… बाईंनी माझा नंबर गाळला. म… म्हणाल्या, तुला त्रास नको.”

“बरं. आणि तुला काय हवंय?”

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी डबा बाजूला ठेवला.

“ब… बोलायचंय.”

“मग ये. माझ्याकडच्या यादीत तुझं नाव आहे. मी आपला यादीप्रमाणे चालतो.”

ठरल्या दिवशी परिपाठाला पुढच्या नंबरची मुलगी उठायच्या आत मी माईकपाशी जाऊन उभी राहिले. चारच वाक्यं घोकून आणली होती. “माझ्याकडे श… शब्द असतात. ते द… द…” ‘दारात अडकतात’ म्हणायचं होतं, आणि मी दारातच अडकले. सातवीच्या रांगेतून किक सुरू झाली. मग आठवीनंही पाय लावले. मोठ्या बाईंचा चष्मा कपाळावर गेला.

ती खूण मलाही ठाऊक होती. मी व्हरांड्याकडे पाहिलं. काकांनी बटणावरचं बोट उचललं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मोठ्या बाईंनी चष्मा खाली घेऊन पुन्हा वर चढवला. काका समोरच्या झाडाची पानं मोजत असल्यासारखे उभे.

“…द… दारात अडकतात. तुम्ही पाय आपटलेत की दार आणखी घ… घट्ट लागतं. थ… थांबलात, की उघडतं.”

पाच मिनिटं लागली. शेवटी दोन-तीनच पाय वाजत होते, आणि त्यांनाही शेजारचे कोपरानं ढोसत होते. चिडवणं संपलं असं नाही. दहावीपर्यंत मी स्कूटरच होते. पण पुन्हा गप्प कधी बसले नाही. पुढे काही महिने माईकमागे चित्रकलेचे सर दिसले. काकांना प्रयोगशाळेत काम वाढलं असेल, असं मला वाटलं.

शनिवारी मी रजा टाकून गेले आणि बटणाच्या टेबलामागे उभी राहिले. स्टेजवर काका नव्या शर्टात अवघडून बसले होते. शाळेच्या क्लार्कनं त्यांची सेवापुस्तिका उघडली. “एकतीस वर्षांत एकच मेमो! ऐका. ‘मुख्याध्यापिकांची खूण होऊनही ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी केला नाही. सबब, चार महिने यंत्रास हात लावू नये.’”

सभागृह खो खो हसलं.

“आणि यांचा खुलासा किती, तर एक ओळ. ‘मुलीचं बोलणं संपलं नव्हतं.’”

क्लार्कनं तारीखही वाचली. ती मला वाचून दाखवायची गरज नव्हती. बावीस वर्षांत काकांनी यातलं चकार शब्दानं मला सांगितलं नव्हतं. खिडकीवर रोज तीनशे माणसांशी मी बोलते, ती त्या पाच मिनिटांच्या जोरावर. त्यांचे उपकार आहेत हे ठाऊक होतं, पण त्यासाठी त्यांनी काय सोसलं ते त्या दिवशी कळलं. टेबलामागे उभ्या उभ्या माझे डोळे वाहायला लागले आणि मी ते पुसलेही नाहीत.

मग काकांना बोलायला उठवलं. त्यांनी माईक सरळ केला आणि सवयीनं म्हणाले, “हॅलो, एक, दोन, तीन.”

मोठा हशा झाला, टाळ्या पडल्या. मग सगळे शांत झाले, आणि काकांना पुढचं काही सुचेना. ओठ हलत होते. हातातला कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला. अर्धं मिनिट गेलं, मग एक. मागे कुणीतरी खोकलं. आताच्या मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे वळले आणि तळहात खाली दाबून खूण केली, पुरे.

मी बटणावरचं बोट उचललं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. काकांचं बोलणं अजून सुरू व्हायचं होतं.