एक बाकी शे

एरंडोलात सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. पारोळ्याची असली तर पारोळेवाली, यावलची असली तर यावलवाली. जळगाव-धुळे रस्त्यावर वीस वर्षं धावलेल्या त्या जुन्या मोटारीलाही लोक याच रीतीने धुळेवाली म्हणत, कारण रात्री ती धुळ्याला मुक्कामी असे आणि सकाळी तिकडून येई. एस.टी. आली, खासगी मोटारी एकामागून एक बंद पडल्या, आणि शालिग्रामने धुळेवालीला भंगारातून सोडवून आपल्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत, निंबाखाली आणून उभी केली, तेव्हा शेजारच्या बेबाबाईला चेष्टेसाठी फार लांब जावं लागलं नाही.

"काय वं माय, तुन्हा घर सवत वनी म्हने?" ती कुंपणावरून म्हणाली. "पायवर पानी तरी टाकं का तिन्हा?"

प्रमिला हसली. न हसून चाललं नसतं.

सवत चार बैलांनी ओढत आणली होती. तिच्या लांब नाकात इंजिन उरलेलं नव्हतं. बाकी सगळं मात्र जिथल्या तिथे होतं: लाकडी अंग, काथ्या बाहेर डोकावणारी बाकं, खिडक्यांना काचांऐवजी गुंडाळून वर बांधायचे कॅनव्हासचे पडदे, आणि ड्रायव्हरच्या हाताशी तो रबरी भोंगा, जो दाबला की म्हैस रेकल्यासारखा आवाज निघे. शालिग्रामचं स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानातलं तेल आणून तो धुळेवालीचे कडीकोयंडे पुसत बसे. स्वतःच्या घराच्या दाराची कडी दोन पावसाळे करकरत होती, तिच्याकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं.

संध्याकाळी मंडळी जमत. मंडळी म्हणजे शालिग्राम धरून चारच. धुळेवालीचे ड्रायव्हर चुडामण नाना, ज्यांना एस.टी.ने वय झालं म्हणून घेतलं नव्हतं. कंडक्टर जीवराम, जो आता केळीच्या वखारीत घड मोजत होता. आणि चार वर्षांपूर्वी बदलून एरंडोलला आलेले झुलाल मास्तर. त्यांना मोटारींचा असा नाद, की नवी एस.टी. दिसली तरी ते तिच्यात जुन्या गाडीचा कोणता भाग चुकवला आहे ते सांगत. नाना चक्राशी बसत, सगळे आले ना म्हणून मागे वळून विचारत, "बठ्ठा वनात का रे?" आणि पायरीवर उभा असलेला जीवराम आपला तिकिटं टोचायचा रिकामा पंच वाजवत म्हणे, "एक बाकी शे, नाना."

मग सगळे हसत. कारण धुळेवालीची ती खोडच होती. कुणी रुमाल टाकून जागा धरून ठेवली असली, की तो माणूस येईपर्यंत ती हलत नसे.

"एस.टी.चं काय," शालिग्राम म्हणे, "घंटी वाजली की चालली. म्हातारी पळत येत असली तरी बघणार नाही. आपली धुळेवाली माणसासाठी थांबायची."

"माणुसकी होती त्या गाडीत," मास्तर म्हणत.

प्रमिला चहाची किटली घेऊन पायरीपाशी उभी राहिलेली असे. आत ती कधी चढली नाही. कप तिथूनच पुढे करी, रिकामे तिथूनच परत घेई, आणि माणुसकी हा शब्द ऐकून घराकडे वळे.

तिचा पुना अडीच वर्षांचा होता. स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा घसा धरला आणि सकाळपर्यंत त्याला श्वास ओढून घ्यावा लागू लागला. वैद्यांनी जळगावला न्या म्हणून सांगितलं. ती आणि शालिग्राम त्याला घेऊन धुळेवालीत बसले. चुडामण नानांनी विचारलं, बठ्ठा वनात का, आणि जीवराम म्हणाला, एक बाकी शे. पुढच्या बाकावर एका शेठजींचा रेशमी रुमाल टाकलेला होता. शेठजी आंघोळ करून, पूजा आटोपून येणार होते. प्रमिलेने त्या रुमालाकडे बघत मुलाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, शालिग्राम दोनदा उठून नानांच्या कानाशी काही बोलून आला, आणि गाडी उभीच राहिली. शेठजी आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाळधीच्या अलीकडे पाणी उकळून गाडी पुन्हा उभी राहिली. तिथल्या बाभळीखाली पुनाचं ओढणं थांबलं. जीवरामने आपला खाकी कोट काढून त्याच्यावर घातला. तो कोट तिने नंतर दोन पाण्यांतून धुऊन परत केला होता.

या गोष्टीला आता नऊ वर्षं होत आली होती. शालिग्राम त्या दिवशी रडला नाही आणि नंतरही नाही. मुलाचा फोटो काढलेला नव्हता. तो जसा होता तसा फक्त तिच्या डोळ्यांपुढे होता, आणि तिथून तो कुठे जाणार नाही याची तिला खात्री होती.

माघ संपता संपता एका संध्याकाळी ती किटली घेऊन गेली तेव्हा आत शालिग्राम रंगात येऊन सांगत होता.

"पाळधीजवळ पाणी उकळलं. मग काय, शेठजी धरून बठ्ठे खाली. धोतर खोचून शेठजी गाडी ढकलतात, आणि आमचा पुना नानांच्या मांडीवर बसून भोंगा दाबतो. जो हसत होता, जो हसत होता!"

"माझा हात दुखेपर्यंत दाबला त्याने," नाना म्हणाले.

प्रमिलेच्या हातातली किटली कलंडली आणि चहा पायावर सांडला. तिला वाटलं, बाप आहे, नऊ वर्षांनी का होईना, मनाला फुंकर घालून घेतो आहे. पुरुषांना रडता येत नाही, मग ते अशा गोष्टी सांगतात. त्या रात्री तिने त्याला एक भाकर जास्त वाढली.

पण फुंकर थांबली नाही. काही दिवसांनी धुळ्याच्या बाजाराची गोष्ट निघाली, तिच्यात पुना पाच वर्षांचा होता आणि खिडकीतून त्याची टोपी उडाली होती. पुढे पारोळ्याच्या लग्नाची निघाली, त्यात तो लाडू खाऊन गाडीत ओकला होता. तो ओकला ते बाकही त्यांनी एकमेकांना दाखवलं. मग एकदा झुलाल मास्तर, ज्यांनी एरंडोल पाहिलं तेच मुळी पुनाला मातीआड करून पाच वर्षं उलटल्यावर, चष्मा पुसत म्हणाले, "हुशार मुलगा. मैलाचे दगड मोठ्याने वाचायचा. अडतिसावर अडायचा तेवढा."

त्या संध्याकाळी जीवराम नेहमीसारखा बाकांमधून पंच वाजवत गेला. प्रमिला पायरीपाशी होती. जीवराम धरून माणसं चार होती आणि पंच प्रत्येकाशी वाजत होता, स्वतःच्या छातीशीही त्याने गमतीने एकदा वाजवला. मग शालिग्रामच्या शेजारच्या रिकाम्या जागेशी तो थोडा वाकला आणि तिथेही वाजवला.

दुसऱ्या दिवशी ती केळीच्या वखारीवर गेली. जीवराम घडांच्या राशीत उभा होता. तिला पाहून त्याने हात पुसले.

"जीवरामभाऊ, तुमचा खाकी कोट आठवतो का?"

"आठवतो म्हणजे? अजून घालतो की. थंडीत."

"तो पुनावर घातला होता तुम्ही. पाळधीला."

जीवराम बराच वेळ आठवत राहिला. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर एवढी मेहनत दिसत नाही. "कशाले वहिनी?" तो शेवटी म्हणाला. "उन्हाळाना दिवस व्हतात ना."

घरी आल्यावर तिने शालिग्रामला जेवायला वाढलं. त्याचा पहिला घास होईपर्यंत ती थांबली.

"पाळधीला गाडी बंद पडली. मग काय झालं?"

"ढकलली. चालू झाली. जळगावला गेलो. डॉक्टरने घशात औषध लावलं." त्याने चटणी बोटावर घेतली. "तू व्हतीच ना संगे."

"मग पुना कुठे आहे?"

शालिग्रामने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत दुःख असतं, राग असता, वेडाची एखादी चमक असती, तरी तिला बरं वाटलं असतं. बायकोने मिठाचा डबा कुठे आहे असं विचारावं आणि तो तिच्याच हाताशी असावा, तसं त्याने तिच्याकडे पाहिलं.

"गाडीमा व्हई," तो म्हणाला. "दुसरं कोठे जाई तो?"

अंजनी नदीच्या काठी करंजाच्या झाडाखाली एक चपटा दगड होता. तो तिनेच वाहून नेऊन ठेवला होता. ती त्याच दुपारी तिथे गेली. दगड होता. त्याच्यावर करंजाची पानं पडली होती, ती तिने पदराने झाडली आणि उघड्या दगडावर तळवा ठेवून डोळे मिटले. नेहमी ती असं करी, आणि नेहमी तो मांडीवर येई: ओठ निळसर, जावळ घामाने कपाळाला चिकटलेलं, उजव्या कानामागे काळा ठिपका.

या वेळी तिला आधी भोंगा ऐकू आला. मग पुढचे दोन दात पडलेला, गालाला जिलबीचा पाक लागलेला एक पोरगा खिडकीतून मागे वळून तिच्याकडे बघून हसला. तिने डोळे उघडले, पुन्हा मिटले. कानामागचा ठिपका उजव्या कानामागे होता की डाव्या, ते तिला सांगता येईना.

तिथून ती घरी गेली नाही. बाजारपेठेत भंगारवाल्याकडे गेली आणि म्हणाली, उद्या या, गाडी तोडून घेऊन जा, मालकांना मी सांगते. भंगारवाला बायामाणसाच्या शब्दावर येईना. तेव्हा तिने कानातली फुलं काढून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "तोडायची मजुरी." तो येतो म्हणाला.

वाटेत बेबाबाई भेटली. "सवतले काढी देस म्हने?" तिला बातमी आधीच कळली होती. "बरं करस माय. नाहीतर पोऱ्या तिलेच माय म्हनी."

"कोणता पोऱ्या?" प्रमिलेने विचारलं.

बेबाबाई दचकल्यासारखी झाली. आपण काय बोलून गेलो ते तिचं तिलाच कळलेलं दिसत नव्हतं. ती हातातली भाजी दुसऱ्या हातात घेऊन घरात निघून गेली.

ऊन उतरायला लागलं तसे चौघे निंबाखाली जमले. आज प्रमिलेने किटली घेतली नाही. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं, वाक्य न् वाक्य ठरवलं होतं. नाना, तुम्ही शेठजीसाठी थांबलात. जीवरामभाऊ, तुम्ही रुमालाकडे बोट दाखवलंत. आणि तुम्ही, पुनाचे बाप, तुम्ही दोनदा उठून पुन्हा खाली बसलात. माझा मुलगा मेला. तो अडीच वर्षांचा होता आणि तो तेवढाच राहणार आहे. गाडी उद्या तुटणार.

ती पायरी चढली.

आत बिडीचा, पेट्रोलचा आणि तापलेल्या कॅनव्हासचा तोच वास होता. कुणी आश्चर्य दाखवलं नाही. मास्तर अंग चोरून एका बाजूला झाले, शालिग्रामने मधल्या एका बाकावरून आपला रुमाल उचलला आणि खिशात घातला. ही जागा तो किती दिवस धरून बसला होता कोण जाणे. ती तिथे बसली. बसावं असं तिने ठरवलं नव्हतं, पण वाकल्याशिवाय त्या गाडीत उभं राहता येत नसे.

शेजारी खिडकीशी जागा रिकामी होती.

जीवराम पंच वाजवत आला. मास्तरांशी वाजवला, शालिग्रामशी वाजवला, तिच्याशी वाजवला. मग खिडकीच्या जागेकडे वळला. पूर्वी तो तिथे वाकत असे. आज वाकला नाही. बसल्या पोराच्या तोंडाकडे बघावं तसं त्याने किंचित खाली, पण फार खाली नाही, पाहिलं, आणि मान हलवली.

"वहिनी, याले बारा सरनात ना? आते पुरं तिकीट लागी."

आता बोलायचं होतं. सगळी वाक्यं ओठांपर्यंत आली होती. प्रमिलेने तोंड उघडलं, आणि या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत प्रत्येक आई ज्या आवाजात कंडक्टरशी घासाघीस करते, त्या थोड्या चढ्या, थोड्या लाडीगोडीच्या आवाजात तिने स्वतःलाच बोलताना ऐकलं.

"नही भाऊ. अजून कोठे सरनात? श्रावनमा सरतीन. अंगानं थोराड शे एवढंच. अर्धंच द्या."

जीवराम हसला आणि त्याने पंच वाजवला.

चुडामण नानांनी चक्रावर हात ठेवून मागे पाहिलं. "बठ्ठा वनात का रे?"

जीवराम प्रमिलेकडे बघत राहिला, शालिग्राम आणि मास्तरही बघत राहिले, आणि निंबाची वाळलेली पानं टपावर पडत होती तेवढाच काय तो आवाज होता.

"बठ्ठा वनात," प्रमिला म्हणाली.

आणि तिने पाय आखडून वाट करून दिली, कारण मुलांना खिडकीच लागते.