दोष तिच्या हातांचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवी, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार आहे. माझं छप्पर कापडाचं आहे आणि पावसात ते थोडं गळतंच. इंग्लंडमधल्या एका लहान कारखान्यात हातानं पत्रा ठोकून मला घडवलं. मार्जरीबाईंनी तरुणपणी मला घेतलं, आणि यॉर्कशरच्या चढणीवरच्या शर्यती आम्ही दोघींनी गाजवल्या. लोक माझ्या बॉनेटवरून कौतुकानं हात फिरवत. पुढे शर्यती संपल्या. बरीच वर्षं मी शेडमध्ये जुन्या चादरींखाली पडून होते. नवरा गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा मार्जरीबाईंनी मला पुन्हा बाहेर काढलं.

त्या वेळी एका गॅरेजात माझी मागची चाकं सांगाड्याला धरून ठेवणारे दांडे उघडून त्यांच्या सांध्यांत नवी रबरं बसवली. तिथून माझी चाल बिघडली. ओल्या वळणावर माझी मागची बाजू आपसूक सरकू लागली. एकदा तर मी दगडी कुंपणाला घासता घासता वाचले. शेजारी बसलेली बाईंची मुलगी फिलिपा पांढरीफटक पडली.

"आई, आता पुरे. तुझ्या हातात पूर्वीची पकड राहिली नाही. गाडी विकून टाकू."

त्यानंतर स्टिअरिंगवर हात ठेवला, की बाई स्वतःच्या हातांकडे बघत बसायच्या. मला वाचा असती, तर मी ओरडून सांगितलं असतं.

गिऱ्हाईक रविवारी यायचं ठरलं. शनिवारी सकाळी बाई जुना डगला चढवून आल्या.

"विकायची तर सरळ चालणारी विकू. फिले, ये, दोरी धर."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"धरायला कळावं लागत नाही."

माझ्या दोन्ही अंगांना समांतर दोऱ्या ताणल्या. चालकाच्या जागी, वजनासाठी, बटाट्यांचं पोतं बसवलं.

"तुझ्यापेक्षा शांत बसतंय," फिलिपा म्हणाली.

"आणि सल्ले देत नाही," बाई म्हणाल्या.

मग फिलिपानं दोरीपासून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजलं. मागची चाकं पुढच्या टोकाला किंचित आत वळलेली हवीत. उजवं तसं होतं. डाव्यापाशी ती थबकली. तिनं पुन्हा मोजलं.

"आई, हे बाहेर बघतंय. चांगलंच."

बाई चटईवर आडव्या होऊन माझ्याखाली सरकल्या. दांडा जिथे सांगाड्याला जोडतात, तिथल्या पातळ चकत्या गॅरेजवाल्यानं उलट्या बाजूला बसवल्या होत्या. त्या काढून त्यांनी दुसऱ्या बाजूला घातल्या, बोल्ट आवळले, चाकं जागी बसावीत म्हणून मला पुढेमागे ढकललं. फिलिपानं परत मोजलं.

"आत वळलं," ती हळूच म्हणाली. "आई, मी उगीच तुझ्या हातांना..."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं गं," बाई म्हणाल्या आणि मडगार्डला टेकून खूप वेळ हसत राहिल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या.

दुपारी पाऊस आला. आम्ही त्याच वळणावर गेलो. मी रुळावरून जावं तशी गेले. फिलिपा म्हणाली, "त्या माणसाला मी फोन करते. येऊ नका म्हणून सांगते."

मित्रांनो, जुनं यंत्र किंवा म्हातारं माणूस डगमगलं, तर लगेच त्याला निकालात काढू नका. आधी खाली वाकून नीट बघा. कधी कधी एका चाकाचं तोंड तेवढं चुकलेलं असतं.