जागाबाबांना दिसलेली खुर्ची

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीभर हसऱ्या पोरांचे फोटो. सगळी मोठमोठ्या कॉलेजांत लागलेली, आणि प्रत्येकाला म्हणे जागाबाबांनी आधीच सांगितलं होतं! आईचा जीव मात्र वरखाली होत होता. इतर कॉलेजांची मुदत आज संध्याकाळी संपत होती आणि लेकीने अर्ज भरला होता एकच, सगळ्यात नामांकित कॉलेजाचा.

बाबांनी लेकीच्या कपाळावर अंगठा टेकवला. "दिसली! खुर्ची दिसली! तुझीच आहे. पण पोरी, दुसरीकडे अर्ज केलास की ती रुसते. शंका म्हणजे विष!"

"खुर्ची आहे की जावई, रुसायला?" मावशी पुटपुटली. ती पेशाने डॉक्टर, आईची धाकटी बहीण.

"गप्प बस गं!" आईने तिला कोपर मारलं.

गप्प बसेल ती मावशी कसली! ती उठलीच. "बाबा, 'तुझं होणार नाही' असं कधी कुणाला सांगितलंत?"

"माझ्या दारातून कुणी रिकामं जात नाही!"

"म्हणजे सगळ्यांनाच 'होणार'! मग ज्यांचं झालं नाही, त्यांचे फोटो कुठायत?"

मग मागून एक बाई चाचरत म्हणाली, "माझ्या थोरल्याचं नाही झालं. बाबा म्हणाले, त्याच्या मनात शंका आली. तो अजून स्वतःलाच दोष देतो हो. लाजेपायी आम्ही कुठे बोललो नाही."

"माझ्या पुतणीलाही हेच सांगितलं!" दुसरा कुणी ओरडला. मग एकेक हात वर होऊ लागला.

"नास्तिकांमुळे खुर्च्या हलतायत!" बाबा गरजले. या वेळी चक्क कुणीतरी हसलं.

"सगळ्यांना एकच गोळी द्यायची आणि बऱ्या झालेल्यांचेच फोटो लावायचे," मावशी म्हणाली. "मग मीही धन्वंतरीच की!"

आईने लेकीचा हात धरला आणि तरातरा बाहेर आली. पायरीवर बसूनच लेक फोनवर दुसऱ्या कॉलेजांचे अर्ज भरू लागली. मध्येच थांबली.

"आई, बाबांनी अंगठा टेकवला ना, तेव्हा मला शंका आली होती. त्यामुळेच नाही मिळालं तर?"

आई तिच्या शेजारी पायरीवर बसली. असलं खूळ पोरीच्या डोक्यात आपणच भरवलं!

"नाही मिळालं तर नाही मिळालं. हुशार पोरं हजार आणि जागा मूठभर, कुणाला मिळेल हे कुणालाच सांगता येत नाही, बाबालाही नाही. त्यात तुझा दोष नाही गं. आणि शंका आली की मोठ्याने विचारायची. माझ्यासमोरसुद्धा."