अर्धी उरलेली तार

मित्रांनो, मी पडेगावातल्या एका घरातली जुनी विजेची शेगडी आहे. आज फळीवर धूळ खात पडले असले, तरी एके काळी माझ्या पांढऱ्या चकतीच्या खाचेत स्प्रिंगसारखी तार मोठ्या ऐटीत बसलेली असायची. कारखान्यात माझ्या पत्र्यावर अक्षरं उमटवली होती: २३० व्होल्ट, १००० वॅट. तेव्हा मला त्यांचा अर्थ कळत नव्हता. मला वाटायचं, हे माझं नाव-गाव असेल.

शहागंजातल्या दुकानातून धोंडिबांनी मला घरी आणलं. घरात त्यांची बायको केसरबाई, मुलगा सुयश आणि धाकटी करुणा. सुयश नुकताच वायरमनचं काम शिकून आला होता आणि घराची सगळी वायरिंग त्यानं स्वतःच्या हातानं केली होती. माझ्या पत्र्यावरचे आकडे त्यानं वाचले, ओट्याजवळ माझ्यापुरता वेगळा पॉइंट काढला, मला पेलेल अशी वायर टाकली आणि फ्यूज बसवला. "आई, हितं फक्त शेगडीच लाव बरं. दुसरं काय नाय," असं त्यानं बजावलं. केसरबाई आल्यागेल्याला ओट्यापाशी नेऊन तो बोर्ड दाखवायच्या. लेकाचं कौतुक करताना त्यांचं तोंड थकत नसे.

आता शेगडीची तार कधी ना कधी तुटायचीच. माझीही तुटली. सुयश कामावर गेलेला, म्हणून धोंडिबांनी जळकी टोकं कापून टाकली, उरलेली तार ओढून खाचेत बसवली आणि पीळ देऊन जोडली. पुढे पुन्हा तुटली, पुन्हा कापली. गंमत अशी, की प्रत्येक दुरुस्तीनंतर मी आधीपेक्षा लालबुंद तापायची.

"बघ, जुनी झाली तरी जोर वाढलाय हिचा," धोंडिबा म्हणायचे.

"व्हय, च्या लई लवकर व्हतोय," केसरबाई म्हणायच्या.

हे ऐकून मी फुशारून जायची. अंगातली तार कमी होत चालली होती आणि मला मात्र तारुण्य आल्यासारखं वाटत होतं. मग फ्यूज वरचेवर उडू लागला. धोंडिबांनी त्यात चांगली जाड तार पिळून टाकली, फ्यूज उडायचा थांबला, आणि ही गोष्ट ते कोणाला सांगायचंही विसरून गेले.

थंडीतल्या एका सकाळी भिंतीतून धूर निघाला आणि बोर्ड पेटला. केसरबाईंनी घाबरून बटणावर हात टाकला. त्यांचा तळवा भाजला. गल्ली गोळा झाली आणि सगळ्यांच्या देखत धोंडिबा सुयशवर कडाडले. "घरची वायर धड टाकता येईना, अन् निघाला लोकाची घरं करायला! आईचा हात जाळलास तू."

सुयश एवढंच म्हणाला, "बाबा, माझी वायर अशी जळायची नाय." पण बोर्ड वितळून त्याचा गोळा झाला होता, आणि आईचा हात बघून त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. दुसऱ्या वायरमननं जाड वायरीचा नवा पॉइंट करून दिला. त्यावर मी बिनतक्रार तापले, आणि सुयशवरचा ठपका पक्का झाला. त्याला आसपास कोणी काम देईना. पक्कड आणि टेस्टर खुंटीला अडकवून तो पुण्याकडे कारखान्यात निघून गेला.

केसरबाई तळव्यावरचा व्रण चोळत म्हणायच्या, "चुकलं असंल लेकराचं. म्हणून का घर सोडायचं?" दोन वर्षांनी त्या गेल्या. सुयश आला, आईला पोचवून आल्यावर ओट्यापाशी जरा वेळ उभा राहिला आणि परत गेला. त्याच्याशी मला बोलता आलं असतं तर!

मागच्या वर्षी करुणा पॉलिटेक्निकमधून वीज मोजायचा चिमट्याचा मीटर घेऊन आली. सराव म्हणून तिनं माझ्या वायरीतली एक तार त्यात धरली. आकडा आला आठ अँपिअर. तिनं माझा पत्रा पुसला, वाचला, आणि ओट्यावरच्या पिठात बोटानं गणित मांडलं.

"बाबा, हे बघा. व्होल्टला अँपिअरनं भागलं की तारेचा रोध, म्हणजे ती विजेला किती अडवते ते कळतं, गुणलं की वॅट. हजार वॅटला वीज लागते साडेचार अँपिअरच्याही आत. म्हणजे रोध त्रेपन्न ओहमच्या आसपास पाहिजे. हिचा राहिलाय एकोणतीस. तार आखूड झाली, रोध घटला, वीज जास्त वाहायला लागली. दोनशे तीस गुणिले आठ, अठराशे चाळीस वॅट. दादानं हजाराची वायर टाकली व्हती, बाबा. तुम्ही शेगडी अठराशेची केली."

"पण मग फ्यूज का नाय उडाला?" तिनंच पुढे विचारलं.

"फ्यूजात मी जाड तार घातली व्हती," धोंडिबा म्हणाले.

त्यांनी सुयशला फोन लावला. पलीकडून "जय भीम, बाबा" आलं. धोंडिबा म्हणाले, "सुयश, तुझी वायर बरोबर व्हती रे. चूक माझी व्हती."

सुयशनं विचारलं, "आईला कळलं व्हतं का हे?"

"नाय रे. आज कळलं."

"बरं," सुयश म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मला कोणी पेटवलेलं नाही. भंगारवाला आला की धोंडिबा त्याला दारातूनच परत पाठवतात. "सुयशला दाखवायचीय," म्हणतात. सुयश अजून आलेला नाही.

मित्रांनो, तुटलेली तार कापून जोडू नका, नवी घाला. फ्यूज उडाला तर तो का उडतोय ते आधी विचारा. आणि कोणाच्या कामाला नाव ठेवण्याआधी एकदा मोजून बघा. करुणाचं गणित एक पोळी भाजेपर्यंत झालं होतं. केसरबाई होत्या तेव्हाही मी त्याच ओट्यावर होते, आणि आकडे माझ्या पत्र्यावर लिहिलेले होते.