अकराव्या पलटणीचा सिंह

आमच्या घरात चार वर्षं पंखा लागलेला नाही आणि जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलेलं नाही. टेबलावर बाबांची फौज उभी आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लढाईतले, बोटाच्या पेराएवढे सहाशे सैनिक. वाऱ्यानं कागदी झेंडे उडतात म्हणून खिडकीही बंद. आम्ही बापलेकी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवतो. सैनिकांची मात्र बडदास्त आहे.

सैनिक बाबा रंगवतात, झेंडे माझ्याकडे. प्रत्येक पलटणीचा झेंडा जुन्या पुस्तकांतून शोधायचा, पातळ कागदावर छापायचा, टाचणीएवढ्या काठीभोवती दुमडून चिकटवायचा आणि ओला असतानाच ब्रशच्या दांड्यावर वळवून त्याला लहर द्यायची. शेवटचा झेंडा लागल्याशिवाय लढाई नाही, हा बाबांचा नियम. समोरची फौज घेऊन खेळायला येणारे डॉक्टरकाका हल्ली म्हणतात, "अरे, माझे सैनिक पेन्शनीत निघाले!"

शेवटचा झेंडा काही लागत नाही. पस्तीस लावून व्हावेत, तर बाबांना कुठलं तरी पत्र सापडतं, आठव्या पलटणीची किनार निळी नव्हे, हिरवी होती म्हणून. की ठेव पाणी कोमट करायला, सोडव झेंडा, छाप पुन्हा. "चुकीचा झेंडा टेबलावर ठेवायचा नाही," हे मी सात वर्षांची असल्यापासून ऐकतेय. आता अडतिसावं चालू आहे.

दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात मला नोकरी मिळालीय. तिथं खरे झेंडे आहेत, माणसाएवढे, जीर्ण झालेले, आणि ते सांभाळायला त्यांना माझ्यासारखीच चिकट बाई हवीय. मी दोनदा मुदत मागून घेतली. "एवढी फौज पुरी होऊ दे, मग जा की," बाबा दर वेळी म्हणायचे. परवा तिथल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, शुक्रवारी पाचपर्यंत होकार आला नाही तर जागा दुसऱ्याला.

शुक्रवारी साडेचारला मी अकराव्या पलटणीचा झेंडा लावला. छत्तिसावा, शेवटचा. बाबांनी भिंग घेतलं, झेंडा डोळ्यांशी नेला, दोन्ही बाजू फिरवून पाहिल्या.

"झाली फौज," ते म्हणाले. आवाज पडलेला होता. "कर बाई तुझा फोन. डॉक्टरलाही सांग, रविवारी ये म्हणावं."

मी आधी खिडकीची कडी काढली. बाहेरची हवा तोंडावर आली आणि मला रडूच फुटलं. चार वर्षं मी श्वास कसा घेत होते कोण जाणे. डोळे पुसून मोबाइल घेतला. बाबा रांगा सरळ करत होते. त्यांनी अकरावी पलटण वळवून पुढे आणली.

झेंड्यावरच्या सिंहानं नेहमी काठीकडे बघायचं असतं. म्हणून मागच्या बाजूचं चित्र आरशातल्यासारखं उलटं करून छापतात. ते विसरलं, की त्या बाजूचा सिंह काठीला पाठ दाखवून पळत सुटतो. नवशिक्याची चूक, आणि ती मी केली होती. माझ्या नाकासमोर सिंह पळत होता. भिंग लावूनही बाबांना तो दिसला नव्हता.

गप्प बस, मी स्वतःला बजावलं. सहाशे सैनिकांत एक सिंह, कोण बघायला येतंय? पाचला बारा मिनिटं होती. मी नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागली.

"बाबा," मी म्हणाले, "अकरावीचा सिंह उलटा लागलाय."

मला बोलायचं नव्हतं, शप्पथ. तोंडातून निघून गेलं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

बाबांचा चेहरा असा खुलला, की इतके खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. "तरी मला वाटतच होतं, काहीतरी खटकतंय! अगं, तुझ्याशिवाय हे कुणाच्या लक्षात आलं असतं? ठेव तो फोन. पाणी कोमट कर."

"हॅलो?" फोनमधल्या बाई म्हणाल्या. "हॅलो, बोलताय ना?"

वाऱ्यानं पुढच्या रांगेतले झेंडे थरथरत होते. मी आधी खिडकी लावून घेतली, मग फोन बंद केला.