बहगतचं भिडस्त फंक्शन

आमच्या ऑफिसातल्या बहगतला 'नाही' म्हणता येत नाही. आमच्या अलेक्झांड्रियात तसं कुणालाच येत नाही म्हणा. रस्ता विचारणाऱ्याला 'माहीत नाही' सांगणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं, म्हणून आम्ही हात लांब करून कुठला तरी रस्ता दाखवतोच. गल्लीत हे खपून जातं. पण या शहाण्याने तेच फंक्शनमध्ये घातलं!

आमच्या कंपनीचं काम असं: रमजानमध्ये सूर्य बुडून मगरिबची वेळ झाली की लोकांच्या फोनवर तोफ वाजवायची. तोफ वाजली की लोक रोजा सोडतात. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की आम्ही टेस्ट चालवतो. आत्ता तोफ वाजव, वाजली का ते बघ, एवढंच. पण तोफ कुणाच्या फोनवर वाजवायची हे सेटिंगच्या फाइलमधून घ्यावं लागतं. टेस्टच्या फाइलमध्ये एकच नंबर आहे, माझ्या ड्रॉवरमधल्या फुटक्या फोनचा. खऱ्या फाइलमध्ये अख्खं शहर. दर टेस्टमध्ये फाइल शोधत बसायला नको म्हणून बहगतने एक मदतनीस फंक्शन लिहिलं. मागितलं की ते फाइल आणून देतं. मीही वाहवा केली, वाचून न बघता.

यंदा पहिल्या रोज्याला माझा जीव घरी अडकला होता. माझ्या सासूबाई, हज्जा इन्साफ, गेल्या वर्षी ऑपरेशनमुळे एकही रोजा धरू शकल्या नव्हत्या. महिनाभर भिंतीकडे तोंड करून जेवल्या बिचाऱ्या. यंदाही डॉक्टर तयार नव्हता. रडून, भांडून, त्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी करून त्यांनी त्याच्याकडून एक रोजा पदरात पाडून घेतला. "एकच," तो म्हणाला, "पुढचं मग रक्त तपासून बघू." त्यांच्या फोनवर आमची तोफ मीच घालून दिली होती, मोठ्यात मोठ्या आवाजात.

"आज मी लवकर निघणार," असं मी सकाळीच सगळ्यांना बजावलं. निघते कसली! दुपारी माझ्या लॅपटॉपने मान टाकली. नवा आणला, त्यावर सगळं पुन्हा चढवलं. सूर्य गच्च्यांवर टेकायला आला तेव्हा कुठे टेस्ट चालवल्या. सगळ्या पास. हिरव्यागार.

आणि खाली चौकीदाराच्या फोनवर तोफ वाजली.

मग समोरच्या बाल्कनीत. मग फळवाल्याकडे. मग गल्लीभर धडाडधूम.

"अल्हम्दुलिल्लाह," म्हणत बहगतने खजूर तोंडात टाकला.

मी खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य होता तिथेच होता, लालबुंद.

"थुंक!" मी किंचाळले. "मेल्या, थुंक तो खजूर! तुझ्या फंक्शनला टेस्टची फाइल सापडली नाही तर ते काय करतं?"

"सापडणार नाही कशी?"

"ती जुन्या लॅपटॉपवरच राहिली. नाही सापडली. मग?"

त्याने खजूर हातावर घेतला. चेहरा पार उतरला. "मग… खरी फाइल देतं."

"काही न बोलता?"

"मॅडम, मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने कसं परत पाठवायचं? काहीतरी द्यायला नको का?"

"'फाइल नाही' म्हणून बोंब मारायची आणि तिथल्या तिथे थांबायचं! टेस्टमध्ये कसला आलाय पाहुणचार? शहराला जेवायला बसवलंस ना!"

तो शहराची माफी मागणारा मेसेज लिहायला बसला. मी घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी उचलला.

"हज्जा, काही खाल्लं नाहीत ना?"

पलीकडचं चघळणं थांबलं. "एकच खजूर. आणि सरबताचे दोन घोट. का गं?"

मी सांगून टाकलं. फाइल, फंक्शन, सूर्य, सगळं. सांगता सांगता मला रडूच कोसळलं. "वर्षभर वाट पाहिलीत तुम्ही. एकच तर रोजा होता, तोही आमच्यामुळे मोडला."

आता शिव्या पडणार, आणि पडायलाच हव्यात, असं मला वाटलं.

"म्हणजे आजचा धरला जाणार नाही?"

"नाही. भरून काढावा लागेल."

"मग डॉक्टरने दिलेला एक अजून माझ्याकडे तसाच आहे की!" त्यांचा आवाज एकदम टवटवीत झाला. "उद्या धरते. त्याला मीच सांगते हो, तू भांडशील."

"अहो हज्जा, पण…"

"आणि त्या पोराला ओरडू नकोस. रोज्यांचे दिवस आहेत." मग आवाज खाली आणून, कुणी ऐकू नये अशा बेताने, त्या म्हणाल्या, "का गं, उद्या संध्याकाळीही आहेत का तुमच्या टेस्ट?"